मीटर बदलण्याआधी मीटरपर्यंत काय पोहोचतंय ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुचाकीचं हँडल पूर्ण वळवलं किंवा गाडी खड्ड्यातून गेली की डिजिटल मीटर विझतो आणि क्षणात पुन्हा लागतो. रात्री इंडिकेटर दिला की मीटरचा उजेड त्याच तालावर कमीजास्त होतो आणि पेट्रोलचे बार वरखाली उडतात. मेकॅनिक म्हणतो, पूर्ण मीटर बदलावा लागेल. बदलू का?

आत्ता अजिबात नको. तुम्ही दिलेली लक्षणं मीटरच्या आतल्या बिघाडापेक्षा त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरींकडे बोट दाखवतात. साधा निकष ठेवा. मीटरवरचं सगळं एकदम जात असेल तर सप्लाय (बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून येणारी वाट) किंवा अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वाट) बघायचं. एकच गोष्ट चुकत असेल, म्हणजे फक्त स्पीड किंवा फक्त पेट्रोल, तर त्या गोष्टीचा सेन्सर आणि त्याची वायर बघायची. तुमचं प्रकरण पहिल्या प्रकारचं आहे.

तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा धागा इंडिकेटरचा आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये मीटर, पुढचे इंडिकेटर, हेडलाइट आणि हॉर्न यांच्या अर्थच्या वायरी पुढच्या वायरिंगमध्ये एका जोडावर एकत्र येतात आणि तिथून एकाच वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हकडे जातात. तो जोड स्वच्छ आणि घट्ट असेल तर एकाच्या लोडचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. पण समजा गंजामुळे तिथे फक्त अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला. 10-10 वॅटचे दोन बल्ब लागले की त्या वाटेने साधारण 1.7 अँपिअर करंट जातो आणि जोडावर 0.8 व्होल्टच्या आसपास अडकून पडतात. इंडिकेटर विझला की ते व्होल्ट नाहीसे होतात. म्हणजे ज्याला मीटर शून्य समजतो ती पातळीच प्रत्येक ब्लिंकसोबत वर-खाली होते. टँकमधल्या सेन्सरची अर्थ दुसऱ्या जागी जोडलेली असेल तर त्याच्याकडून येणारं व्होल्टेज मीटर या हलत्या शून्याच्या तुलनेत वाचतो, म्हणून बार उडतात. सेन्सर बिचारा बरोबरच सांगत असतो.

आता मोजायला घ्या. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, डीसी 20 व्होल्टच्या रेंजवर.

आधी बॅटरी. गाडी काही तास बंद ठेवल्यावर चांगली चार्ज झालेली बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. स्टार्टर दाबताना हा आकडा 10 च्या बराच खाली गेला तर मीटर रीसेट होऊ शकतो. स्टार्ट करताना घड्याळ शून्यावर जातं किंवा काटा पुन्हा सलामी देतो (चावी लावल्यावर फिरतो तसा टोकापर्यंत जाऊन परत येतो), ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. बॅटरीचे टर्मिनल हाताने हलत नाहीत ना, हेही बघा. ढिल्या टर्मिनलमुळे किती चांगले मीटर बदलले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग अर्थिंग. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल तार मीटरच्या कपलरमधल्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमधल्या) अर्थच्या वायरीला. कपलर जोडलेलाच ठेवा आणि मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा. वायरीचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि तिथे नवा गंज सुरू होतो. कुठली वायर अर्थची हे तुमच्या मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवरून ठरवा, कारण रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. आता चावी चालू करा, हेडलाइट लावा, इंडिकेटर द्या. आकडा 0.1 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग उत्तम. इंडिकेटरसोबत तो 0.5, 0.8 असा उसळला तर दोष सापडला.

बरेच जण इथे मल्टिमीटरचा बझर वाजवून बघतात आणि वायर ठीक आहे असं ठरवतात. त्यावर अजिबात विसंबू नका. बझरच्या तपासणीत वायरीतून अगदी नगण्य करंट जातो. दहापैकी नऊ तारा तुटून एकच शिल्लक असली तरी बझर खुशाल वाजतो. लोड चालू असतानाच मोजायला हवं.

सप्लायची तपासणीही तशीच. लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी मीटरच्या चावीनंतरच्या सप्लाय वायरीला. इथे चावीच्या स्विचमुळे थोडा फरक दिसतो, पण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर वाटेतला फ्यूज, कपलर आणि चावीचा स्विच बघा. चावी हलकेच हलवल्यावर मीटर लुकलुकत असेल तर स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले आहेत.

मोजणी चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा आणि हेडलाइटमागचं वायरिंग थोडं थोडं करून हलवा. हँडलच्या मानेपाशी वायरी रोज वाकतात, त्यामुळे आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं आवरण शाबूत राहतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. वायर हलकेच ताणून बघा, एखादी जागा रबरासारखी लांबली तर तार तिथे तुटलेली आहे.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढून कपलर उघडा, हिरवट गंज कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा, मागे सरकलेल्या पिना पुन्हा जागेवर बसवा. पिनांवर पॉलिश पेपर घासू नका, वरचा मुलामा निघाला की गंज आणखी लवकर धरतो. चेसिसवर बोल्टने बसवलेली अर्थ असेल तर तिथला रंग खरवडून लखलखीत धातूवर घट्ट बसवा. प्रेशरने गाडी धुताना मीटरवर थेट फवारा मारणं बंद करा.

बाकीच्या तक्रारींबद्दल थोडक्यात. फक्त स्पीड शून्य दाखवत असेल तर सेन्सरवरचा चिखल आणि त्याची वायर आधी बघा. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला (चुंबकीय बदलावरून चाकाचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरला) सप्लाय आणि अर्थ मिळत असेल, तर चाक हळू फिरवल्यावर सिग्नल वायरीचं व्होल्टेज वर-खाली व्हायला हवं. बऱ्याच एबीएस गाड्यांत स्पीड चाकाच्या सेन्सरवरूनच घेतात, म्हणून स्पीड आणि एबीएसचा दिवा अशी दोन्ही लक्षणं एकत्र आली तर कारण एकच समजा. न्यूट्रलचा दिवा साधारणपणे गिअरबॉक्सवरचा स्विच अर्थ देऊन लावतो, म्हणून बहुतेक गाड्यांत स्विचची वायर काढून चेसिसला टेकवल्यावर दिवा लागला तर दोष स्विचमध्ये. पेट्रोलचा सेन्सर टँकमधून काढून फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) सावकाश वर-खाली करा आणि ओहम मोजा. आकडा सलग बदलायला हवा, मध्येच तुटला तर सेन्सरच्या आतली पट्टी झिजली आहे. हे काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना आणि आगीपासून लांब करा.

आणि मीटर खरोखर कधी दोषी? कपलरवर सप्लाय आणि अर्थ पक्के आहेत, हँडल हलवूनही आकडे स्थिर आहेत, तरी स्क्रीन विझते किंवा मीटरवर टिचकी मारल्यावर परत येते, तेव्हा. बहुधा आतल्या बोर्डवरचा सोल्डरचा जोड तडकलेला असतो आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा तो पुन्हा सोल्डर करू शकतो.

तरीही नवा मीटर घ्यावाच लागला, तर बसवण्याआधी इंजिन 4,000 ते 5,000 आरपीएमवर ठेवून बॅटरीवरचं व्होल्टेज बघा. 13.5 ते 14.5 च्या दरम्यान ठीक. 15 च्या वर जात असेल तर रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला आहे आणि तो नव्या मीटरचंही नुकसान करेल, म्हणून तो आधी बदला. जुन्या मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो काढून सर्व्हिसच्या कागदांसोबत ठेवा. बऱ्याच गाड्यांत नवा मीटर शून्यापासून सुरू होतो आणि पुढे सर्व्हिसचा हिशोब किंवा गाडीची विक्री करताना तो आकडा लागतो.