एकाच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सकाळी १.२ आणि दुपारी १.४ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) का येतं? फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड गेला का?

बहुधा नाही. यवतमाळकडच्या बोअरचा नमुना, बाटली तीच, कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या द्रावणांवर मीटर जुळवणं) सकाळी एकदाच आणि दुपारी आकडा वर, असं तुम्ही लिहिलंय. त्यात मला खटकतंय ते 'सकाळी एकदाच'.

मीटर पीपीएममध्ये लावून ठेवलं की खरी गोष्ट लपते, म्हणून ते मिलिव्होल्टवर घ्या. १.२ आणि १.४ मधलं अंतर जेमतेम ४ मिलिव्होल्ट आहे. विभव (व्होल्टेज) आणि सांद्रता यांचं नातं लॉगचं: २५ अंशांना सांद्रता दहापट झाली की विभवात सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्यामुळे १ मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला तरी उत्तर ४ टक्क्यांनी हलतं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा १.०, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे तुमच्या १.४ ला आणखी २ मिलिव्होल्टचा धक्का बसला की बोअर नापास!

आता दुपारी १ पीपीएमचं स्टँडर्ड (माहीत असलेल्या सांद्रतेचं द्रावण) पुन्हा लावून बघा. तेही तितकंच सरकलं असेल, तर नमुन्याला दोष देऊ नका. पहिला संशय तापमानाचा. सकाळी गार खोलीत कॅलिब्रेशन, दुपारी तापलेलं पाणी, वर मॅग्नेटिक स्टररची मोटर बीकर खालून शेकतेय. (मध्ये थर्माकोलचा तुकडा ठेवा, फुकटचा उपाय आहे.) 'मीटरला ऑटो टेंपरेचर आहे ना' असं सगळेच म्हणतात, पण ते फक्त स्लोप (दहापटीमागचे ते ५९ मिलिव्होल्ट) सुधारतं. ज्याच्याशी तुलना होते त्या रेफरन्स इलेक्ट्रोडचं विभवही तापमानाबरोबर बदलतं, त्याचं ते काही करत नाही. स्टँडर्ड आणि नमुने एकाच टेबलावर तासभर ठेवून एका तापमानाला आणा, सगळं एकाच वेगाने ढवळा.

दुसरा संशय रेफरन्सवरच. आतलं द्रावण बीकरमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, भरायचं भोक मोजताना उघडं हवं, जंक्शनवर (जिथे आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याला भिडतं) क्षार साचलेले नकोत. लोक फ्लोराइड ओळखणारा महागडा लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक पुसत बसतात आणि याकडे बघत नाहीत. स्फटिकाखाली बुडबुडा अडकला तरी आकडा नाचतो. इलेक्ट्रोड किंचित तिरका धरा. स्लोप ५४ ते ६० मिलिव्होल्टच्या बाहेर गेला तरच इलेक्ट्रोडबद्दल बोलू.

स्टँडर्ड जागच्या जागी आणि नमुनाच हलतोय, तर मग टिसॅबकडे, म्हणजे प्रत्येक बीकरमध्ये घालायच्या बफर द्रावणाकडे, या. इलेक्ट्रोडला फक्त मोकळा फ्लोराइड दिसतो, तोही सांद्रतेने नाही तर सक्रियतेने (द्रावणात प्रत्यक्ष जाणवणाऱ्या प्रमाणाने). टिसॅबमधलं मीठ सगळ्या बीकरांची आयनी तीव्रता सारखी करतं, अ‍ॅसिटेट बफर सामू (पीएच) ५ ते ५.५ ला धरतो. सामू खाली गेला की फ्लोराइड हायड्रोजनशी जोडी जमवतो आणि रीडिंग कमी येतं. वर गेला की हायड्रॉक्साइड त्या स्फटिकाला फ्लोराइडसारखाच भासतो आणि रीडिंग फुगतं. फ्लोराइड असलेलं पाणी पुष्कळदा सामू वर ढकलणाऱ्या बायकार्बोनेटने भरलेलं असतं, म्हणून टिसॅब मिसळल्यावर एकदा सामू तपासाच. आणि प्रमाण स्टँडर्डला जे, तेच नमुन्याला. पिपेटनेच, अंदाजाने नको.

तुरटी वापरून फ्लोराइड काढलेल्या पाण्याचे नमुने आले, म्हणजे नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या नलगोंडा पद्धतीचे, तर जास्त सावध राहा. उरलेलं अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला घट्ट पकडून ठेवतं. टिसॅबमधलं सीडीटीए (धातूला पकडणारं रसायन) तो सोडवतं, पण लगेच नाही. घाईने घेतलेलं रीडिंग कमी येतं आणि प्लांट उत्तम चाललाय असं वाटतं. टिसॅब घालून नमुना थांबवून ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा मोजा. आकडा वर चढत असेल तर अजून थांबा. तरीही शंका राहिली, तर त्याच बीकरमध्ये माहीत असलेलं स्टँडर्ड घाला आणि घातलेलं पूर्ण परत मिळतंय का ते बघा.