तडजोडीची रक्कम खर्चात धरता येते का?

प्रश्न : मी औसा तालुक्यात घरबांधणीची गुत्तेदारी करतो. स्लॅब गळतो म्हणून एका घरमालकाने माझ्यावर दिवाणी दावा लावला होता. २०२५-२६ या आर्थिक वर्षात लोकअदालतीत तडजोड होऊन मी त्यांना १,४०,००० रुपये चेकने दिले. वकिलांना १५,००० रुपयांच्या दोन हप्त्यांत रोख फी दिली. तडजोडीची रक्कम आता उत्पन्नातून वजा होत नाही, असे एक मित्र सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : आपल्या मित्रांनी अर्धेच ऐकले आहे. २०२४ च्या दुरुस्तीने वजावट बंद झाली ती सेबी कायदा, स्पर्धा कायदा अशा चार अधिसूचित कायद्यांखालील कारवाई मिटवण्यासाठी भरलेल्या रकमेची. गळक्या स्लॅबचा तिच्याशी संबंध नाही. आपला वाद धंद्यातल्या कामातूनच उद्भवला, दिलेली रक्कम कायदाभंगाचा दंड नव्हे आणि तिच्यातून आपल्या पदरी कोणतीही मालमत्ता पडली नाही. त्यामुळे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७(१) नुसार ही भरपाई धंद्याचा खर्च ठरते. भावकीतल्या वाटणीचा दावा असता, तर मात्र तो घरचा खर्च झाला असता.

खरी मेख पुढेच आहे. आपण कलम ४४एडीनुसार, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरत असाल, तर सगळे खर्च आधीच वजा झाले आहेत असे कायदा मानतो. ४० लाखांची उलाढाल पूर्णपणे बँकेतून झाली असेल, तर नफा २,४०,००० रुपये धरला जाईल आणि त्यातून ही भरपाई पुन्हा वजा करता येणार नाही. त्याहून कमी नफा दाखवल्यास पुढची पाच वर्षे ही सोय मिळत नाही, शिवाय एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असल्यास हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही मागे लागतात. एका तडजोडीपायी एवढा व्याप करावा, असे मला तरी वाटत नाही.

आपण रीतसर वह्या ठेवत असाल, तर १,४०,००० रुपये खर्चात धरावेत. वकिलांच्या फीचे मात्र अवघड आहे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास कलम ४०ए(३) नुसार तो खर्च नामंजूर होतो. दोन्ही हप्ते या मर्यादेपलीकडचे असल्याने, कारकुनाने पाठकोऱ्या कागदावर सही करून दिलेली पावती असली तरी तिचा उपयोग नाही. लोकअदालतीच्या निवाड्याची प्रत, मूळ कामाचा करारनामा आणि चेकची नोंद असलेले बँकेचे पासबुक एकत्र ठेवावे. रक्कम कोणत्या कामापोटी दिली, हे तडजोडपत्रात लिहिलेले आहे ना, तेवढे आधी पाहून घ्यावे.