गिझरवर लेबल नाही? आधी ताबापत्रावरची तारीख बघा

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : आमच्या फ्लॅटच्या दोन्ही बाथरूममध्ये बिल्डरनं बसवून दिलेले गिझर आहेत. फ्लॅट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्यांनी इंजिनिअर आणून तपासणी केली. त्यानं लिहून दिलं की दोन्ही गिझरवर लेबल नाही. कंपनी, वॅट, पाण्याचा दाब काहीच कळत नाही, तेव्हा बदलून घ्या. बिल्डर म्हणतो, 'पाणी तापतंय ना? लेबल तुम्हीच काढलं असेल.' आम्ही दोन-तीनदा फोन केले. ताबा घेताना 'सर्व फिटिंग तपासून मिळाले' यावर सही केली आहे. पाच वर्षं व्हायला दीड महिना आहे. काय करता येईल?

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि ज्यावर सगळं प्रकरण उभं आहे ती दीड महिन्याची ओळ चौथ्या पानाच्या तळाशी आहे. मिरज, कुपवाड, विट्याहून अशी पत्रं सारखी येतात. कुणाची गच्ची गळते, कुणाची दारं फुगलेली असतात, आणि बहुतेकांची ही तारीख उलटून गेलेली असते. तुमची अजून नाही, म्हणून थोडं कडक बोलतो.

रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीदारांसाठीच्या 2016 च्या कायद्याचं, कलम 14(3) असं सांगतं : बांधकामातला, कामातला, दर्जातला दोष किंवा करारातल्या जबाबदारीतली कसूर, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या निदर्शनास आणली, तर त्यानं ती तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायची. नाही केली तर भरपाई. मुदत मोजायची ती ताब्यापासून. इंजिनिअरनं दोष दाखवला ती तारीख इथे कामाची नाही. आणि पाच वर्षांच्या आत व्हायला हवं ते निदर्शनास आणणं. महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार त्यानंतरही करता येते.

तुमच्या फोनांचं काय? फोनवर काय बोलणं झालं हे उद्या कोण सांगणार? बिल्डर तर सांगणार नाही. साधं एक पत्र तेव्हाच टाकलं असतं तर आज ही धावपळ नसती. आता याच आठवड्यात लेखी नोटीस पाठवा. करारनाम्यात पत्रव्यवहाराचा जो पत्ता छापलाय त्याच पत्त्यावर, पोचपावतीसह स्पीड पोस्टनं, शिवाय ईमेलवर. फर्म भागीदारीची असेल तर प्रत्येक भागीदाराच्या नावे वेगळी प्रत. नोटीस मुदतीत टाकली एवढ्यावर थांबू नका, ती मुदतीत पोचली पाहिजे. 'घर बंद' असा शेरा मारून परत आली तर दुसऱ्यांदा पाठवायला हातात दिवस हवेत.

नोटिशीत काय म्हणायचं हे करारनाम्याच्या मागच्या पानांवर ठरेल. महाराष्ट्राच्या नमुना करारात फिटिंग आणि सोयींची यादी परिशिष्ट 'ई' मध्ये येते आणि तिथे ब्रँड, किंवा ब्रँड नसेल तर किमतीचा पल्ला, लिहायचा असतो. तुमच्या यादीत 'नामांकित कंपनीचा आयएसआय गिझर' असं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. नुसतं 'गिझर पॉइंट', म्हणजे गिझर लावायची सोय, एवढंच असेल तर करारानं बिल्डरवर गिझरची जबाबदारीच टाकलेली नाही. दिलेला गिझर त्यानं वरून दिला असं तो म्हणेल, आणि मग युक्तिवाद लंगडा होतो. पान न बघता मी यापुढे बोलणार नाही.

लेबल कुणी काढलं, हा पुराव्याचा प्रश्न आहे. त्याला सोपं उत्तर तुमच्याच इमारतीत आहे : वरच्या-खालच्या फ्लॅटमध्ये जा, मोबाइलची बॅटरी लावून गिझरचा तळ आणि बाजू बघा. तिथंही लेबलं गायब असतील तर सगळ्या मजल्यांनी मिळून स्टिकर सोलले असं कुणालाही पटणार नाही. फोटो काढा, शेजाऱ्यांची सही घ्या. 'वाफेनं निघून गेलं' असं म्हणायलाही फारशी जागा नाही. घरगुती विद्युत उपकरणांच्या भारतीय मानकात, आयएस 302 मध्ये, खुणेची चाचणीच आहे : पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पंधरा सेकंद, मग पेट्रोलियम स्पिरिटच्या फडक्यानं पंधरा सेकंद घासायचं, तरी अक्षरं वाचता आली पाहिजेत आणि लेबल सहज सुटता कामा नये.

बिल्डरकडे नोटिशीतच खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. साठवणीच्या विजेच्या गिझरला आयएस 2082 चा आयएसआय मार्क सक्तीचा आहे. बिलावरून कंपनी कळली तर मार्कखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक कंपनीकडून घ्या आणि 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा. मात्र लेबल नाही म्हणून माल मार्कविनाच होता असं आपोआप सिद्ध होत नाही. नोटिशीत तसा थेट आरोप करू नका.

तोवर दोन्ही गिझरचे एमसीबी खाली पाडून ठेवा. दाबाची मर्यादा आणि वॅट ठाऊक नसलेली टाकी, तीही बोअरच्या जड पाण्यावर पाच वर्षं चाललेली, कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसणार नाही. नवीन बसवायचे तर बसवा, पण जुने काढण्याआधी जागेवर फोटो आणि इलेक्ट्रिशियनचा लेखी शेरा घ्या. काढलेले गिझर भंगारवाल्याला देऊ नका.

सहीबद्दल : तिनं कलम 14(3) चा हक्क जातो असं मला वाटत नाही. तरी पहिल्याच तारखेला समोरचा वकील तेच पान उघडणार. टाकीचा तळ कुणी वाकून बघितला नव्हता, हे तुम्हाला सांगावं लागेल.

ग्राहक आयोगाचा रस्ता अनेकजण सुचवतील. तिथे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 नं दोन वर्षांची मुदत आहे. ती कधीपासून मोजायची यावरच वाद होईल आणि विलंबमाफीचा अर्ज लागेल. इमारत रेरात नोंदलेली नसेल (पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असले तर नोंदणी लागत नाही) तर मात्र त्याच दारात जावं लागेल. एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच कायद्यात घरं बांधून विकणारा बिल्डर 'उत्पादन विक्रेता' धरला जातो, आणि कलम 86 प्रमाणे उत्पादक कोण हे कळत नसेल तर जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. पण ती वेळ कुणाला इजा झाली किंवा दुसरं नुकसान झालं तर. नुसता गिझर खराब निघाला म्हणून नाही.

महारेराकडे कायद्यानं साठ दिवसांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात किती दिवस लागतात हे तिथे तक्रार लावलेल्या कुणालाही विचारा. दोन गिझरांच्या किमतीसाठी इतकं थांबायचं का, हे तुम्ही ठरवा; माझ्या मते नोटीस गेली की निम्मी प्रकरणं चहावर मिटतात.

आता विक्री. रेरा कायद्यातल्या 'अलॉटी'मध्ये, म्हणजे ज्याला फ्लॅट दिला त्याच्यात, पुढचा खरेदीदारही येतो, म्हणून घेणारे मागे हटण्याची गरज नाही. गिझर बदलून द्या किंवा तेवढी रक्कम किमतीतून वजा करा, आणि इंजिनिअरच्या अहवालाचा उल्लेख करून ते साठेखतात लिहा. बिल्डरला पाठवलेल्या नोटिशीची प्रतही त्यांना द्या. साठेखताची घाई करू नका. नोटीस तुमच्या नावानं, आधी गेलेली असू द्या.