‘मॅडम काही शिकवतच नाहीत’

‘मुलांना नीट कळावं म्हणून मी जीव तोडून मेहनत घेते आणि तीच माझ्याविरुद्ध तक्रार करतात. मला शिकवताच येत नाही का?’ नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतले प्राध्यापक हा प्रश्न मला अनेकदा विचारतात. पुण्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांची झोप उडाली होती. फीडबॅक फॉर्मवर मुलांनी लिहिलं होतं, ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारत बसतात.’ विभागप्रमुखांनी बोलावून विचारणा केली. पुढच्या वर्षी पुन्हा घेतील की नाही, ही टांगती तलवार होतीच.

आधी त्या इतरांसारख्याच शिकवत. फळ्यावर सिद्धता, दोन गणितं, नोट्स. मुलं खूश होती. मग बदल कशासाठी केला?

‘एकदा वर्गात सहज विचारलं,’ त्या म्हणाल्या, ‘पीएमपीची बस आणि स्कूटर समोरासमोर धडकली, तर कोण कुणावर जास्त बल लावतं? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, बस. न्यूटनचा तिसरा नियम त्यांना तोंडपाठ होता हो! दोन्ही बलं सारखीच असतात, हे एकालाही म्हणावंसं वाटलं नाही.’

हे सांगताना त्या खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. एका मुलीने विचारलं होतं, ‘मग स्कूटरचाच चुराडा का होतो?’ वस्तुमान कमी म्हणून त्याच बलाने तिचं त्वरण जास्त, हे उत्तर मुलांनी आपसांत वाद घालून शोधलं. त्या दिवसापासून त्यांनी तास असाच घ्यायचं ठरवलं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१पासून अशाच पद्धतीने शिकवत आले आहेत, हे त्यांनी वाचलं होतं. आधी एकट्याने विचार करून उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर.

ज्या बाईंना हे जमतं, त्यांना शिकवता येत नाही हे मी मान्य करणार नव्हते. मी त्यांना २०१९ साली हार्वर्डमध्येच झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी उत्तम वक्त्याचं व्याख्यान ऐकलं, काहींनी तोच भाग स्वतः डोकं लावून सोडवला. चाचणीत डोकं लावणारे पुढे होते, पण ‘आम्ही कमी शिकलो’ असं त्यांनाच वाटत होतं. अडखळण्याचा त्रास म्हणजे न कळणं, असा मुलांचा समज होतो. ओघवतं व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. मुलांची तक्रार खोटी नव्हती, पण ती त्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल होती. बाईंनी ती स्वतःच्या लायकीबद्दल वाचली.

मग आम्ही फॉर्म पुन्हा एकेक करून वाचले. त्यात एक तक्रार मात्र वेगळी आणि माझ्या मते अगदी रास्त होती: ‘उभं करून विचारतात, भीती वाटते.’ त्या वर्गात गावाकडून आलेली, मराठी माध्यमातली बरीच मुलं होती. साठ जणांसमोर इंग्रजीत चुकायची लाज फार मोठी असते. भेदरलेलं मूल विचार करत नाही, सुटका शोधतं. तेव्हा उभं करणं बंद करायचं ठरलं. उत्तर आधी वहीत लिहायचं, शेजाऱ्याला मराठीत समजावायचं, आणि मग सगळ्यांनी एकदम अ, ब, क, ड लिहिलेला कागद वर धरायचा.

दुसरी गोष्ट, आपण असं का शिकवतो हे त्यांनी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. ते सांगायला २००६ सालचा रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग कामी आला. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने सुरुवातीला वाचून पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे वरचढ होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. रात्रभर अभ्यासिकेत बसून नोट्सवर हायलायटर फिरवणाऱ्या मुलांना हे आकडे लगेच भिडले.

पोर्शनचं काय, हा विभागप्रमुखांचा प्रश्न उरलाच. रोजचा पूर्ण तास चर्चेला देणं आपल्याकडे परवडत नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं मागच्या तासाचं आठवून लिहायला, त्याला गुण नाहीत; मध्ये एक बस-स्कूटरसारखा प्रश्न; बाकी वेळ फळा आणि खडू. विभागप्रमुख एका तासाला मागे येऊन बसले आणि त्यांनी याला हरकत घेतली नाही.

बाईंना आता झोप लागते. वर्गातली भीतीची तक्रार थांबली, ‘नोट्स देत नाहीत’ ही अजून येते. त्यावर त्या तासानंतर एका पानाचा सारांश ग्रुपवर टाकतात, पण मुलांनी आधी आपापल्या वहीत आठवून लिहिल्यावरच.