एमआरआयमध्ये डिस्कची झीज दिसली, म्हणजे कंबरदुखीचे कारण सापडले का?

आपले वय ४३, कंबर तीन महिन्यांपासून दुखते आहे आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'एल४-एल५ डिस्क डीजनरेशन, सौम्य बल्ज' असे लिहून आले आहे, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी (डिस्क) झिजलेली आणि किंचित बाहेर फुगलेली आहे. तेव्हा दुखण्याचे मूळ हेच का आणि ते वाढतच जाणार का, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात, धंतोलीत, रेडिओलॉजिस्ट आहे आणि असे रिपोर्ट रोज लिहितो. ते लिहिताना माझ्यासमोर फक्त चित्रे असतात. आपण कमरेवर नेमका कुठे हात ठेवता, ते मला दिसत नाही.

डिस्कच्या मधल्या मऊ भागातले पाणी वयाबरोबर आटत जाते. एमआरआयच्या 'टी२' प्रकारच्या चित्रात पाणी उजळ दिसते, त्यामुळे सुकलेली डिस्क काळपट उमटते आणि आम्ही 'डीजनरेशन' हा घाबरवणारा शब्द लिहून मोकळे होतो. कंबर मुळीच न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या विसाव्या वर्षी ३७ टक्के, चाळिसाव्या वर्षी ६८ टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के लोकांत ही झीज आढळली. आमच्याकडे नवे मशीन बसले तेव्हा, ऐन मे महिन्यात, चाचणीसाठी मीच मशीनच्या खोलीतल्या गारठ्यात जाऊन झोपलो होतो. माझी एल५-एस१, म्हणजे कमरेची सर्वांत खालची डिस्क, कोळशासारखी काळी निघाली. कंबर मात्र आजवर कुरकुरलेली नाही.

तरीही झीज अगदीच निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. पन्नाशीच्या आतल्या लोकांत, कंबर दुखणाऱ्यांमध्ये ती न दुखणाऱ्यांपेक्षा अधिक दिसते. परंतु हा समूहाचा हिशेब झाला. एकट्या माणसाबाबत चित्र आणि लक्षण जुळते का, हे पाहावे लागते. डावीकडची एल५ नस (कमरेच्या पाचव्या मणक्याजवळून पायात जाणारी) दबलेली असेल आणि कळ डाव्या पायातून अंगठ्यापर्यंत उतरत असेल, तर रिपोर्टला वजन येते. बल्ज डावीकडे आणि कळ उजवीकडे असेल, तर नाही.

काळी डिस्क सहसा पुन्हा उजळत नाही, पण दुखणे त्यावाचूनही कमी होते. लघवी अडणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप किंवा वजन घटणे असल्यास, मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आढळत असल्याने, तपासणी लांबवू नये. यांपैकी काही नसेल, तर डॉक्टरांना आधी पाठ आणि पाय तपासू द्यावेत, फिल्मचे पाकीट त्यानंतर उघडावे.