४ अंशांवर कॉलनी आली म्हणजे जीवाणू सायक्रोफाइल (थंडीप्रेमी) ठरतो का? आणि थंडीचे जनुक पीसीआरने सापडते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गोव्यातल्या मिरामारच्या किनाऱ्यावरचे पाणी प्लेटवर पसरून ती ४ अंश सेल्सिअसला ठेवली, काही दिवसांनी कॉलनी आल्या, १६एस (जीवाणू ओळखायला वाचतात तो जनुक) सिक्वेन्स केला तर स्यूडोमोनास या जीनसमधला निघाला. आता त्याला सायक्रोफाइल म्हणायचे का, सायक्रोफाइल हा वर्गीकरणातला एखादा गट आहे का, आणि थंडीचे जनुक पीसीआर (ठरावीक जनुकाच्या प्रती वाढवून ते आहे का हे पाहण्याची चाचणी) करून दाखवता येईल का?

मी गोव्यातच सागरी जीवाणूंवर काम करते आणि हा गोंधळ पदव्युत्तर प्रबंधांतही सारखा दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा जीवाणू सायक्रोफाइल असण्याची शक्यता फार कमी आहे. ४ अंशांवर वाढणे ही अर्धीच अट झाली. सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिचर्ड मोरिटा यांनी १९७५ साली आखलेली व्याख्या आजही वापरतात : ० अंशाला किंवा त्याखाली वाढ होते, १५ अंश किंवा त्याहून कमी तापमान सर्वांत मानवते, आणि २० अंशांच्या वर वाढ होत नाही. थंडीत वाढतो पण २०च्या वरही आरामात वाढतो, तो सायक्रोटॉलरंट, म्हणजे थंडी सोसणारा. मिरामारचे पाणी वर्षभर कोमट असते. खरा सायक्रोफाइल त्यात टिकणार कसा? मोरिटांच्या प्रयोगशाळेतला एमपी-१ नावाचा सायक्रोफाइल स्ट्रेन (एकाच पेशीपासून वाढवलेला वाण) पाहा. त्याला सोसते त्याहून जास्त तापमानात ठेवल्यावर पेशीतून प्रथिने आणि आरएनए बाहेर गळू लागतात, हे १९६६ सालीच प्रसिद्ध झाले होते. नुसती वाढ थांबत नाही, पेशीच फुटकी होते.

थंडी सोसणारे मात्र आपल्याकडे भरपूर. बाजारातला बांगडा बर्फात असूनही शेवटी नासतो तो यांच्यामुळेच, शेवानेला आणि स्यूडोमोनास यांचा त्यात मोठा वाटा. उष्ण पाण्यातली मासळी बर्फात थंड पाण्यातल्या मासळीपेक्षा साधारणपणे जास्त दिवस टिकते. याचे एक कारण असे सांगतात की तिच्या अंगावरचे बहुतेक जीवाणू कोमट पाण्याला सरावलेले असतात आणि थंडी सोसणारे मूठभर वाढून वरचढ होईपर्यंत वेळ जातो. तुमचा स्यूडोमोनास बहुधा त्या मूठभरांतला आहे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त नाव बरोबर लावा.

आता वर्गीकरण. सायक्रोफाइल हा वंशावळीतला गट नाही, ती राहण्याची तऱ्हा आहे, आणि ती अनेक कुळांत स्वतंत्रपणे आलेली आहे. कोलवेलिया, मोरिटेला, सायक्रोमोनास ही गॅमाप्रोटिओबॅक्टेरियातली मंडळी. पोलॅरिबॅक्टर आणि सायक्रोफ्लेक्सस पूर्णपणे वेगळ्या फांदीवरची, बॅक्टेरॉइडेट्समधली. डेसल्फोटॅलिया सायक्रोफिला आणखी तिसरीकडे, सल्फेटवर श्वसन करणाऱ्यांत. नावात 'सायक्रो' आहे म्हणून विश्वास ठेवू नका : सायक्रोबॅक्टर या जीनसमधले काही सदस्य ३७ अंशांवरही वाढतात.

नाव वंशावरून ठरते आणि वंशाची माहिती सुधारली की नावही बदलते. वरचा एमपी-१ आधी व्हिब्रिओ मरीनस होता. १६एसने तो व्हिब्रिओंपासून लांब असल्याचे दाखवल्यावर मोरिटेला मरीना झाला, मोरिटांच्याच नावावरून. अंटार्क्टिक किनाऱ्यावरचा प्रसिद्ध स्ट्रेन टीएसी१२५ वर्षानुवर्षे स्यूडोआल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस म्हणून छापला गेला, आता नव्या शोधनिबंधांत स्यूडोआल्टेरोमोनास ट्रान्सल्युसिडा दिसतो. जुने संदर्भ शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मे साहित्य हातून सुटेल.

तरीही तापमान आणि वंश यांचा काहीच संबंध नाही असे समजू नका. शेवानेलामध्ये ठळक दोन गट पडतात : थंड किंवा खोल समुद्रातले, जे ईपीए हे ओमेगा-३ फॅटी ॲसिड तयार करतात, आणि कोमट पाण्यातले, जे ते जवळजवळ करत नाहीत. इथे राहणी आणि वंश बऱ्यापैकी एकाच रेषेत येतात.

तुमच्या १६एसबद्दल एक सूचना. साधारण १५०० बेसचा हा जनुक जीनसपर्यंत नीट नेतो, पण स्यूडोमोनास आणि व्हिब्रिओमध्ये स्पीशीज वेगळ्या करायला तोकडा पडतो. ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी साम्य आले तर नवी स्पीशीज असण्याची आशा धरा. त्याहून जास्त आले तर मात्र ती जुनीच आहे असे सिद्ध होत नाही. पुढचा टप्पा जायरबी आणि आरपीओडी हे जनुक, आणि शेवटचा शब्द पूर्ण जीनोमचा : दोन जीनोममधले सरासरी साम्य, म्हणजे एएनआय, ९५-९६ टक्क्यांच्या खाली असेल तरच वेगळी स्पीशीज.

मला खरे लिहायचे आहे ते जनुकांबद्दल.

'थंडीचे जनुक' असे एक काही नसते. सीएसपी कुळातली कोल्ड शॉक प्रथिने सर्वांना माहीत असतात. थंडीत आरएनए स्वतःवरच दुमडून अडकतो आणि ही प्रथिने त्याला मोकळे ठेवतात. पण त्यांतले सीएसपीए सापडले तेच मुळी ई. कोलायमध्ये, जो आपल्या आतड्यात ३७ अंशांवर राहतो! पीसीआरमध्ये सीएसपीची पट्टी आली तर तुमच्या हातात जीवाणू आहे, यापलीकडे फारसे काही सिद्ध होत नाही. फरक वापरात आहे. ई. कोलाय अचानक थंडी लागली की यांचे उत्पादन घाईघाईने वाढवतो आणि मग कमी करतो. थंडीतच राहणाऱ्यांत अशी बरीच प्रथिने कायम तयार होत असतात.

पेशीपटलाचेही तसेच. खोबरेल तेल फ्रिजमध्ये गोठते आणि माशाचे तेल पातळ राहते, तो फरक फॅटी ॲसिडमधल्या दुहेरी बंधांचा. थंडीतले जीवाणू पटलात असे बंध वाढवतात, काही फांद्या असलेली किंवा आखूड फॅटी ॲसिडे घालतात. पण दुहेरी बंध घालणारी एन्झाइमे कोमट पाण्यातल्या जीवाणूंतही असतात.

सर्वांत खोल बदल कुठल्याही एका जनुकात दिसत नाही, तो हजारो प्रथिनांत पातळ पसरलेला असतो. कमी तापमानात एन्झाइम काम करायचे तर ते लवचीक हवे, म्हणून प्रोलीन आणि आर्जिनीन कमी, आतले बांधणारे मिठाचे पूल (विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्या) कमी. अंटार्क्टिक स्यूडोआल्टेरोमोनासचे अमायलेज यासाठी फार बारकाईने तपासले गेले आहे. डुकराच्या स्वादुपिंडातल्या त्याच कुळातल्या अमायलेजपेक्षा ते सुमारे २० अंश आधीच उलगडते. थंडीतला वेग मिळवताना उष्णतेतला टिकाऊपणा गमावला जातो.

आणि जीनोम वाचला की अनपेक्षित गोष्टी दिसतात. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, त्यामुळे त्यापासूनच्या घातक रेणूंचा त्रासही जास्त. टीएसी१२५ने यावर उपाय म्हणून असे रेणू निर्माण करणारा मॉलिब्डॉप्टेरिनचा मार्गच टाकून दिला आहे. त्याच्याकडे टीआरएनएची (प्रथिने बनताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या रेणूंची) शंभराहून अधिक जनुके आहेत. थंडीत प्रथिने बनवण्याचा वेग राखायला त्यांचा उपयोग होत असावा. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या संस्थेत अंटार्क्टिक मातीतल्या एलझेड४डब्ल्यू या स्यूडोमोनासवर झालेले काम मला फार आवडते (समुद्रातला नसला तरी तुमच्या जीनसचा आहे). डीएनए दुरुस्त करणारी रेकबीसीडी ही यंत्रणा काढून टाकली तर तो २२ अंशांवर वाढतो, ४ अंशांवर मात्र वाढू शकत नाही. डीएनए दुरुस्तीचे जनुक! थंडीसाठी म्हणून कोणी तिथे शोधायला गेले नसते.

मग एखाददुसरे जनुक बदलून काहीच होत नाही का? होते, आणि तेही मोठे. २००३ साली ओलिस्पिरा अंटार्क्टिका या तेल खाणाऱ्या अंटार्क्टिक सागरी जीवाणूची दोन शॅपरोन (इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणाऱ्या प्रथिनांची) जनुके ई. कोलायमध्ये घातली. एरवी ८ अंशांच्या आसपास थांबणारा ई. कोलाय ४ अंशांवर वाढू लागला. २०१० साली उलटा प्रयोग झाला : आर्क्टिक जीवाणूंची अत्यावश्यक जनुके फ्रान्सिसेला या रोगजंतूमध्ये मूळ जनुकांच्या जागी बसवली. एकेका जनुकाच्या बदलाने तो शरीराच्या तापमानाला वाढेनासा झाला. मी या दोन्हींचा अर्थ असा लावते : पेशी थंड करा की गरम करा, सर्वांत कमजोर भाग आधी मोडतो आणि प्रयोगात तेवढाच बदललेला असतो. खऱ्या सायक्रोफाइलमध्ये असे सगळेच भाग बदललेले असतात. म्हणून तर सायक्रोमोनास इन्ग्रॅहमी समुद्राच्या बर्फात उणे १२ अंशांवरही वाढतो, एकाची दोन व्हायला २४० तास घेऊन.

गोव्यात बसून यावर काम होते का, हेही तुम्ही ओझरते विचारले आहे. होते, आणि चांगले होते. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्यातूनच निघाली. वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, आर्क्टिकमधले हिमाद्री स्थानक २००८पासून चालू आहे. आणि ध्रुवावर जायलाच हवे असे नाही : आपल्याच अरबी समुद्रात ३००० मीटरखाली पाणी २ अंशांच्या आसपास असते, दक्षिण महासागराकडून हळूहळू सरकत आलेले.

अडचण आपल्या टेबलावर आहे. गोव्यातल्या खोलीत काचेची पिपेट, मीडियम, प्लेट, सगळे ३० अंशांवर असते. खोल पाण्याचा नमुना त्यात पडला की खरे सायक्रोफाइल मोजण्याआधीच मरतात. सगळे साहित्य आदल्या रात्री थंड करून ठेवा, बर्फावर काम करा. पोअर प्लेट (नमुना वितळलेल्या अगारात मिसळून ओतणे) तर नकोच, ४५ अंशांचा वितळलेला अगार त्यांना संपवतो. स्प्रेड प्लेटच (गोठलेल्या अगारावर नमुना पसरणे) करा.

तुमच्या स्यूडोमोनासला आधी ४, १०, १५, २०, २५, ३० आणि ३७ अंशांवर द्रव मीडियममध्ये वाढवून प्रत्येक तापमानाचा वेग काढा. शेवटी मीडियम किती ढगाळ झाले यावर जाऊ नका. थंडीत वेग कमी असूनही शेवटचे पीक जास्त येऊ शकते आणि फसगत होते. दरम्यान ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठा करून ठेवा. २५ला वाढ मिळाली की प्रबंधात सरळ 'सायक्रोटॉलरंट स्यूडोमोनास' लिहा आणि जायरबी, आरपीओडी करून घ्या. वेगाचे आकडे आले की इथेच टाका, आलेख कसा वाचायचा ते पाहू.