पुडी खिशात सापडली, आता भाचा आणि विकणारा एकाच मापात?

प्रश्न: ताई, माझा भाचा इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. मित्रांसोबत गांजा ओढताना पोलिसांनी पकडला, खिशात एक छोटी पुडी निघाली. भाऊजी म्हणतात राहू दे आत, अक्कल येईल. बहीण रडून रडून अर्धी झालीये. मला एवढंच विचारायचंय, ओढणाऱ्याला आणि विकणाऱ्याला एकच शिक्षा असते का आणि असावी का? (एक मामा, नाशिक)

उत्तर: मामा, एकच नसते, पण तुम्हाला वाटतोय तसा फरकही कायदा करत नाही. १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, त्यात नुसतं ओढल्याबद्दल कलम २७ लागतं, गांजासाठी जास्तीत जास्त सहा महिने किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेरॉइन-कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण माल जवळ सापडला की २००१ च्या दुरुस्तीपासून सगळा खेळ वजनावर चालतो. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि वीस किलोच्या वर गेला की ते व्यापारी प्रमाण, किमान दहा वर्षं, कमाल वीस.

आता सांगा, घरी ओढायला कोण किलोभर गांजा आणून ठेवतं? तरी नऊशे ग्रॅम घेऊन कॉलेजच्या गेटवर विकणारा आणि तुमचा भाचा कायद्याने एकाच खान्यात बसतात, कारण तो माल कशासाठी होता हे तिथे बघितलंच जात नाही. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेचं, उलटं आहे. त्याची व्यापारी मर्यादा फक्त पन्नास ग्रॅम, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग केसमध्ये सांगितलं की भेसळीसकट अख्खं वजन धरायचं, म्हणजे चार मित्रांसाठी भेसळीचा माल आणणारा पोरगाही दहा वर्षांच्या कलमात अडकू शकतो, आणि तिथे जामिनाला कलम ३७ आडवं येतं, वर्षानुवर्षं बाहेर पडता येत नाही. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एमडीचा अख्खा कारखाना सापडला होता, दहा वर्षांचं कलम त्या लोकांसाठी आहे हो, या पोराला त्याच रांगेत उभं करणं मला अजिबात पटत नाही.

माझं मत विचाराल तर वापरणाऱ्याला जेल नकोच, उपचार हवेत. आणि विकणाऱ्याच्या खिशातला माल मोजत बसण्यापेक्षा पैसा कुठून आला ते शोधा, त्यासाठी या धंद्याला पैसा पुरवणाऱ्यांवरचं कलम २७अ आहे, मालमत्ता जप्त करायची तरतूद आहे, ती जोरात वापरा. छोट्या पुड्या पोचवणारी पोरं पकडून आकडे वाढतात, वरचा माणूस मोकळाच राहतो.

भाऊजींना मात्र नक्की सांगा, आत राहून अक्कल येत नाही, ओळखी होतात, आणि त्या ओळखी बाहेर आल्यावरही सुटत नाहीत.

भाच्याला खरंच सवय लागली असेल तर कलम ६४अ बद्दल वकिलाला आजच विचारा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या केसमध्ये व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात गेला आणि उपचार पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालत नाही, मध्येच सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. लोक लाजेपायी व्यसन लपवतात आणि हा रस्ता हातचा जातो, फार वाईट वाटतं. कुठे न्यायचं कळत नसेल तर १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर फुकट आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. आणि पंचनाम्याची कॉपी मागून घ्या, वजन किती लिहिलंय आणि ते प्लास्टिकच्या पुडीसकट केलंय का हे वकिलाला नीट बघायला लावा.